करंगळी सोडून बाकीची बोटं

पेशंट बहुधा सांगतात, "अख्खा हात बधिर होतो." मामांनी तसं सांगितलं नाही. "रात्री दोनच्या सुमाराला मुंग्यांनी जाग येते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अंगठीचं बोट अर्धं. करंगळीला काही होत नाही. उठून हात झटकला की उतरतं," एवढं बोलून ते पुन्हा गव्हाणीत मुरघास टाकायला लागले.

बारामतीत शरीररचनाशास्त्र शिकवणारी त्यांची भाची गोठ्याच्या कठड्यावर बसली होती. इतकं नेमकं उत्तर तोंडी परीक्षेतही क्वचितच ऐकायला मिळतं. हाताच्या पंज्यात तीन मोठ्या नसांची वाटणी असते. त्यातली बिघडलेली कोणती, हे मामांनी तिचं नावही न घेता सांगून टाकलं होतं.

"ही मीडियन नर्व्ह, मामा. मनगटात दबलीय."

"मनगटात? मला तर मानेच्या मणक्यात गॅप सांगितलाय. फोटो काढलाय की."

"फोटो मानेचा काढलाय ना? मग त्यात मानच दिसणार."

तिथून सुरू झालेला वाद जेवणं उरकेपर्यंत चालला. भाचीचं म्हणणं असं, की नसेची वाट एकदा नीट माहीत झाली की दुखणं आपली जागा आपणच सांगतं. म्हणून फोटोच्या आधी हात बघावा. मामांचं म्हणणं असं, की जागा कळली म्हणून पहाटेच्या धारा टळत नाहीत. नस कुठं दबली हे सांगायला तुम्ही तयार असता, कशानं दबली हे विचारलं की वय सांगता.

मामांचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. हा कालवा १८८५ पासून वाहतोय. वीरजवळून निघून बारामतीचा बागायती पट्टा भिजवत तो इंदापूरकडे येतो. टेलच्या माणसाला कालव्याची रचना शिकवावी लागत नाही. पाणी वरच्या अंगाला कुठं अडलं, हे तो आपल्या शेतातल्या कोरड्या सऱ्यांवरून ओळखतो. भाचीने नसेची वाट सांगायला सुरुवात केली तेव्हा मामांनी ती लगेच कालव्यावर बसवून घेतली. उपमा त्यांची आहे, आणि चांगली आहे.

मीडियन नर्व्ह मानेच्या पाचव्या चेतामुळापासून छातीच्या पहिल्या चेतामुळापर्यंतच्या धाग्यांची बनते. काखेत तिचे दोन फाटे, एक बाहेरून आणि एक आतून, धमनीच्या पुढ्यात एकत्र मिळतात. दंडात ती धमनीच्या सोबतीने उतरते. आधी ती धमनीच्या बाहेरच्या अंगाला असते, दंडाच्या मध्यावर धमनी ओलांडून आतल्या अंगाला येते. गंमत म्हणजे दंडातल्या एकाही स्नायूला ती काही देत नाही. बेंडकुळी दुसऱ्या नसेची, मागचा दंड तिसरीचा.

"म्हणजे वरच्या अंगाला एकही चारी नाही? सगळं पाणी खाली?"

"दंडापुरतं तरी नाही."

"आमच्याकडं उलटं आहे," मामा म्हणाले.

कालव्याच्या उपमेला एक दुरुस्ती मात्र हवी, आणि भाचीने ती तिथेच केली. कालव्यात पाणी एकाच दिशेने जातं. या नसेत दोन्ही बाजूंनी वाहतूक असते: 'आवळ', 'सोड' हे हुकूम मेंदूकडून खाली येतात, आणि सड गरम आहे की गार, दोरी सैल आहे की घट्ट, ही खबर बोटांकडून वर जाते. धडधाकट माणसात यातले सर्वांत जलद संदेश सेकंदाला पन्नास मीटरपेक्षा जास्त वेगाने पळतात. नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीत मोजतात तो हाच वेग. मनगटाशी तो मंदावला की अडथळा तिथेच आहे, हे कागदावर येतं.

कोपराच्या पुढच्या खळग्यात नस धमनीच्या आतल्या बाजूला असते. तिथून ती तळहात पालथा करणाऱ्या स्नायूच्या दोन मुळांमधून आत शिरते आणि मग खऱ्या अर्थाने वाटप सुरू होतं. हाताच्या पुढच्या भागातले, म्हणजे मनगट आणि बोटं वाकवणारे जवळजवळ सगळे स्नायू तिच्या ताब्यात. अपवाद दीडच: करंगळीच्या बाजूने मनगट वाकवणारा एक, आणि बोटांची टोकं वाकवणाऱ्या खोल स्नायूचा करंगळी-अनामिकेकडचा अर्धा भाग. तेवढे दीड करंगळीच्या बाजूच्या अल्नर नर्व्हकडे. आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातात असतं त्या चौरासियांच्या पुस्तकात मीडियन नर्व्हला मजुराची नस म्हटलंय, आणि बोटांची नाजूक हालचाल सांभाळणाऱ्या अल्नरला वादकाची.

"धार कशी काढता ते दाखवा," भाची म्हणाली.

मामांनी तिच्या मनगटालाच सड मानून तिन्ही पद्धती दाखवल्या. मूठ: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सड वरून आवळायचा आणि मग एकेक बोट खाली मिटत आणायचं. अंगठा मुडपून: सड बोटं आणि मुडपलेल्या अंगठ्याच्या पेराच्या मध्ये दाबायचा. हाताला सोपं वाटतं पण सडाला इजा करतं, म्हणून पशुवैद्य नको म्हणतात, तरी निम्मा गाव तसंच काढतो. तिसरी चिमटी, शेवटचं दूध निपटून काढायला. भाचीला ही चिमटी सगळ्यांत आवडली, कारण अंगठ्याचं टोक वाकवणारा आणि तर्जनीचं टोक वाकवणारा, दोन्ही स्नायू मीडियन नर्व्हच्या एकाच खोल शाखेवर चालतात. ही शाखा ठीक आहे की नाही, हे बघायला डॉक्टर अंगठा आणि तर्जनीच्या टोकांचा गोल करायला लावतात. शाखा बंद असेल तर गोल होत नाही, बोटांची पेरं चपटी पडून एकमेकांना चिकटतात. झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेलं पोर दवाखान्यात येतं तेव्हा प्लास्टर घालायच्या आधी हा गोल करायला सांगावाच. हाड बसवणाऱ्याने करकचून बांधलेला हात नंतर कायमचा आखडतो, त्या अनर्थाची पहिली खूण कधी कधी इथे मिळते.

मनगटाच्या अलीकडे, तळहाताच्या बाजूला, नस पुन्हा कातडीजवळ येते. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं वाकवलं तर मधोमध एक दोरी उठते; नस साधारण तिच्याखालीच. मामांच्या उजव्या हाताला दोरी उठली, डाव्या हाताला उठली नाही.

"आता ही कुठं गेली?"

"तो स्नायूच तुमच्या डाव्या हातात नाही. बऱ्याच लोकांना नसतो. काही अडत नाही."

मामांना हेच हवं होतं. "मग तुझं पुस्तक माझ्या दोन हातांना सारखं लागू होत नाही आणि तू सगळ्या दुनियेच्या नसेची वाट सांगतेस!"

टोला नेमका बसला. पुस्तकातली वाट ही बहुसंख्यांची वाट असते. सहा-सात माणसांमागे एकाच्या हातात मीडियन आणि अल्नर या दोन नसा कोपराखाली आपसात धागे बदलतात, आणि मग तपासणीचे आकडे डॉक्टरलाच चकवतात. शंभरात एखाद्याच्या दंडाच्या हाडाला कोपराच्या वर एक काटा असतो, त्याच्या पट्ट्याखालून ही नस जाते. मांजराच्या हाडात तिथे सगळ्यांनाच एक भोक असतं आणि नस त्यातूनच ओवलेली असते. गाईच्या पुढच्या पायातही मीडियन नर्व्ह आहे. तिला मूठ नाही, एवढंच. भाचीने हे सगळं कबूल केलं. पण वाट दर माणसामागे थोडी बदलते म्हणून वाटच नाही असं होत नाही, हेही तिने सोडलं नाही. बारामतीत २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा कुठल्याही महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं देहदानातून आलेल्या हातावर ही पिवळसर पांढरी नस स्वतः शोधून काढतात, आणि शंभरातल्या बहुतेक हातांत ती पुस्तकात सांगितल्या जागीच सापडते.

आता मनगट. मागे आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, पुढे एक जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, चारही बोटांच्या दोन-दोन आणि अंगठ्याची एक. दहावी मीडियन नर्व्ह. दोऱ्या राकट, नस मऊ. जागा कमी पडली की चेपते ती नस. बोगद्यापलीकडे ती अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या स्नायूंना शाखा देते, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांची संवेदना सांभाळते. मामांचं साडेतीन बोटांचं वर्णन इथून आलं होतं.

भाचीने खराट्याची काडी घेतली आणि मामांना डोळे मिटायला सांगितले. अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला काडी टोचली, ती लागली. अंगठ्याकडच्या बाजूला टोचली, ती "कापसावरून" लागली. एकाच बोटाच्या उभ्या दोन अर्ध्या भागांत हा फरक. मानेतल्या मुळाशी बिघाड असेल तर अनामिका अशी उभी चिरली जात नाही. मूळ दबलं तर सबंध बोट जातं. मग तिने तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी टोचलं. तिथे मात्र चांगलं लागलं.

"हे कसं? बोटं बधिर आणि तळहात शाबूत?"

"तळहाताच्या कातडीची शाखा बोगद्याच्या आधीच फुटते आणि पट्ट्याच्या वरून जाते."

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोरीच्या आधी फुटलेली चारी. मोरी तुंबली तरी ती वाहत्या पाण्यावर राहते." आणि मानेचा फोटो त्यांनी त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा मुद्दा याहून चांगला सांगितलेला नाही.

मानेला दोष देणं ही मात्र खेड्यातल्या डॉक्टरांची चूक समजू नये. तिची परंपरा थोर आहे. मनगटाचं हाड मोडल्यावर ही नस दबल्याची नोंद लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये केली. १९१३ मध्ये पॅरिसला पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी मृत पेशंटच्या मनगटात पट्ट्याच्या तोंडाशी सुजलेली नस दाखवली आणि वेळेत पट्टा कापला असता तर हात वाचला असता, असं सुचवलं. तरी पुढची कित्येक वर्षं वाळलेल्या अंगठ्याचं खापर मानेजवळच्या जादा बरगडीवर फुटत राहिलं आणि पेशंटच्या बरगड्या काढल्या जात राहिल्या. क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी १९५० च्या दशकात मनगटाचा मुद्दा लावून धरला तेव्हा कुठे हे थांबलं. दोन्ही मनगटं एक मिनिट वाकवून धरायची त्यांची चाचणी आजही करतात. मामांना मिनिट पुरं व्हायच्या आधीच मुंग्या आल्या.

इथवर भाची जिंकली होती. पुढे मामांची पाळी.

"कुठं ते कळलं. आता कशानं ते सांग."

भाचीने पुस्तकातली यादी सांगितली: मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर. शिवाय महाराष्ट्रात बधिर हात दिसला की कुष्ठरोगही तपासायलाच हवा. त्यात मनगटाच्या वर नस जाड लागते, कातडीवर बधिर चट्टा असतो. मामांनी साखर तपासली होती, चट्टा नव्हता. "या यादीत गाय नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते भाचीला नवीन होतं. कास धुतली, सडांना हात लागला की गाय पान्हा सोडते. हा पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार संपली पाहिजे, नाहीतर दूध कासेत राहतं आणि पुढे कासेचा आजार. "मुंग्या आल्या म्हणून मधेच उठून हात झटकायला जागा नाही. हाताचा वेग माझा नसतो, गाईचा असतो. एक झाली की दुसरी पान्हावून उभी. हे पहाटे, आणि हेच संध्याकाळी. रविवारी पण."

पान्ह्याचं रसायन भाचीला माहीत होतं. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. पण ते गाईचं संप्रेरक धार काढणाऱ्याच्या मनगटाचं वेळापत्रक ठरवतं, हा धागा कोणी तिच्यासमोर जोडला नव्हता. बाकीचे तुकडे तिच्याकडे होते. १९८१ मध्ये अमेरिकेत गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या बोगद्यात नळी घालून दाब मोजला: निरोगी हातात सरासरी अडीच मिलिमीटर पारा, या आजाराच्या पेशंटमध्ये बत्तीस, मनगट पूर्ण वाकवलं की पेशंटमध्ये नव्वदच्या पुढे. शिवाय मूठ घट्ट मिटली की तळहातातले छोटे स्नायू दोऱ्यांबरोबर ओढले जाऊन बोगद्याच्या तोंडात शिरतात, जागा आणखी कमी होते. धार म्हणजे वाकलेलं मनगट आणि मिटणारी मूठ, तीही न थांबता. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस तोडणाऱ्याचा कोयता, निमगाव केतकीकडची डाळिंबाची छाटणी यांतही तीच मूठ आहे. पण कोयता हंगामात चालतो. धार बारमाही.

"मग मशीन घ्या," भाची म्हणाली.

"तुला काय वाटतं, मशीन घेतलं की हात सुटला?" मामांना मशीन परवडत नव्हतं असं नाही, त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. इथे वाद मामांच्याच बाजूला झुकतो. अमेरिकेत कोलोराडोमध्ये मशीनवर दूध काढणाऱ्या मोठ्या गोठ्यांतल्या कामगारांचे हात तपासले गेले आणि २०१२ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: त्याच डेअऱ्यांवर इतर कामं करणाऱ्यांपेक्षा दूध काढणाऱ्यांमध्ये हा आजार कितीतरी जास्त. कारण साधं आहे. तिथे हात पिळत नाही, पण एकाच पाळीत शेकडो गाईंच्या सडांना वाकड्या मनगटाने कप लावत राहतो. मशीन हाताला विश्रांती देतं ते गाई तेवढ्याच राहिल्या तर. मशीन आलं की गाई वाढतात, हे मामा शेजारच्या गोठ्यावर पाहत होते.

हे चालू असताना मामी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांच्या उजव्या हाताकडे भाचीचं लक्ष गेलं ते उजेड आडवा पडला म्हणून. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा जिथे असायला हवा तिथे सावली होती. अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत येऊन पडला होता.

"मामी, हाताला मुंग्या येतात?"

"यायच्या. दोन-तीन वर्षं लई यायच्या. आता नाही येत. बरं झालं म्हणून सोडून दिलं."

बरं झालं नव्हतं. नस दीर्घकाळ चेपली की आधी मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात. मामींना तवा हाताला लागलेला फोड पडल्यावर कळायचा, ब्लाऊजचे हूक त्या बघून लावायच्या. पालथा हात टेबलावर ठेवून नव्हे, तळहात वर करून, अंगठा छताकडे उचलायला सांगितल्यावर तो भाचीच्या एका बोटाच्या दाबाने खाली गेला. अर्ध्या गाईंच्या धारा मामीच काढत होत्या, वर धुणं, भाकरी, खुरपणी. हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. तरी डॉक्टरकडे हात दाखवायला मामा गेले होते, मानेचा फोटो मामांचा निघाला होता, आणि संध्याकाळभर चर्चाही मामांच्याच हाताची झाली होती.

मग भाचीने दोघांना वेगवेगळं सांगितलं. मामांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, काही आठवडे. झोपेत मनगट वाकतं, म्हणून मुंग्या रात्रीच उठवतात. उतार नाही पडला तर बोगद्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन, त्यानंतर ऑपरेशनचा विचार. मामींचा पट्ट्याचा काळ गेला होता. आधी नर्व्ह कंडक्शन, थायरॉइड आणि साखर, मग ऑपरेशन: तेवढी जागा बधिर करून तळहातातून बोगद्यावरचा पट्टा कापायचा, त्याच दिवशी घरी. संवेदना बरीचशी परत येईल. आक्रसलेले धागे फुटायला लागले की दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला काही महिने. अंगठ्याचा वाळलेला स्नायू भरून येईल की नाही, याची हमी तिने दिली नाही.

"किती दिवस धार बंद?" मामांनी विचारलं.

"टाके दोन आठवड्यांत निघतील. घट्ट मूठ दीड-दोन महिने नको."

"दोन महिने! दिवाळीनंतर बघू मग."

"दिवाळीनंतर कशाला," मामी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तीन गाई आटवायच्यात, त्या दोन महिने धारेला नाहीतच. माझा हात तेव्हा करा. राहिलेल्या गाई हे काढतील, अंगठा न मुडपता. आणि ह्यांचं काही करायचं झालं तर त्या गाई व्यायच्या आधी सांग, एकदम दोघांना बसवू नको."

भाचीने मोबाइल काढून तपासणीची तारीख बघितली. मामांनी पट्टा कुठं मिळतो आणि तो उजव्या हाताचा वेगळा असतो का, ते विचारून घेतलं.